पाच फुटांवरची बैठक

१४ मे, बुधवार

मॉराने आज डोक्याला नवा ताप लावून दिला. सकाळच्या कॉफीला सगळे जमलेले असताना तिने जाहीर करून टाकलं, की या मोसमात दर बुधवारी दुपारी आपण पाहुण्यांना संगत-बैठक दाखवायची. मॉरा कीटिंग आमची संचालक. वय अडतीस, आणि डोकं एक मिनिट स्वस्थ बसत नाही. मी टॅमरॅकच्या या शेकर गावात, म्हणजे आताच्या संग्रहालयात, बावीस वर्षं सुतारकाम शिकवतोय, आणि पाहुण्यांना कोण काय सांगतंय यावर लक्ष ठेवणंही माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळे तिला काही सुचलं की निस्तरायचं मी.

चाल खरी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेकर या अमेरिकेतल्या जुन्या ख्रिस्ती पंथात लग्न नव्हतं. बायका आणि पुरुष एकाच मोठ्या घरात राहायचे, पण जिने दोन, दारं दोन, जेवायची मेजं वेगळी. एकमेकांशी बोलणंच तुटू नये म्हणून आठवड्यातून काही संध्याकाळी खुर्च्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या, मधे पाच फूट सोडायचे, आणि प्रत्येकाने आपल्या समोरच्या जोडीदाराशी तासभर गप्पा मारायच्या. गप्पा कसल्या, तर हवा, सफरचंदं, गाईचं दूध, कुणाचा खोकला. स्पर्श नाही, कुजबुज नाही. जोड्या पंथातली वडीलधारी मंडळी ठरवून देत.

इथली शेवटची शेकर म्हातारी जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. त्यांचं जे काही उरलंय ते आमच्या हातात आहे, आणि आम्ही त्याचा तमाशा करायचा नाही, एवढंच माझं म्हणणं. पाहुणे फिदीफिदी हसायला लागले तर मी उठून जाईन, असं मी मॉराला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, तू उठून गेलास तर तुझी जोडीदारीण काय भिंतीशी बोलेल का?

जोडीदारीण म्हणजे क्लोडेट थिबोडो. तीही मॉरानेच ठरवून टाकली.

१७ मे, शनिवार

क्लोडेटबद्दल लिहून ठेवायला हवं, कारण तिच्यामुळे मला झोप लागत नाही. म्हणजे तिच्या मागामुळे.

आमच्याकडे विणकाम शिकवणारं माणूस टिकत नाही. एक गेली, दुसरी आली, तीही गेली. या वर्षी ही आली. उत्तरेकडच्या कागदगिरणीच्या गावातली, फ्रेंच बोलणाऱ्या घरातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, वय साठीच्या अलीकडे. स्वतःचा माग घेऊन आली. आजीचा माग, मेपलच्या लाकडाचा, एवढा धिप्पाड की बहिणींच्या कारखान्यात तो उभा करताना दोन दिवस माझा घाम निघाला. (शेकर बायकांची कामाची जागा, म्हणून बहिणींचा कारखाना. आम्ही अजून तसंच म्हणतो.) शाळेतल्या मुलांना ती धोटा हातात देते आणि बाजूला होते, चुकलं तर हसते आणि चुकू देते. मला हे पटत नाही, पण मुलं तिथून हलायला तयार नसतात हेही खरं.

तिने मॉराला सांगून ठेवलंय, की एक मोसम बघते, सप्टेंबरअखेर सांगते राहायचं की जायचं. ती गेली तर बहिणींच्या कारखान्याला कुलूप. माझा सगळा जीव त्यात अडकलाय. कारखान्यात.

बैठकीसाठी मी आज कार्डं तयार केली. एकेका कार्डावर एकेक विषय. पीक, हवा, मधमाश्या, बी-बियाणं, छपराची डागडुजी. विषय भरकटायला नकोत.

२१ मे, बुधवार

झालं एकदाचं.

भिंतीकडेने पाहुणे उभे, मधे आम्ही चार जोड्या. मला दरदरून घाम. क्लोडेटने माझी कार्डं बघितली आणि ॲप्रनच्या खिशात घातली. नंतर हात मांडीवर ठेवून, अगदी जुन्या फोटोतल्यासारखी ताठ बसून म्हणाली, "बंधू ऑल्डन, तुमच्या गाजरांचं कसं काय यंदा?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मी गाजरं लावत नाही. सगळे हसले. मग काय लावता, तिने विचारलं. काहीच नाही, एकटा असतो, दुकानातून आणतो. मग शनिवारी काय खाल्लंत? घेवडा, इकडे शनिवारी सगळेच खातात तसा. कुठला, भिजत घालून रात्रभर शिजवलेला? नाही, डब्यातला. त्यावर तिने अशा नजरेने पाहिलं की मी ओशाळलो. पुढचा सगळा वेळ मला घेवडा कसा करायचा याचा धडा मिळाला. गूळपाक किती, खारं डुकराचं मांस किती, मोहरी कधी. घंटा वाजली तेव्हा मला वाटलं मॉराने लवकर वाजवली. घड्याळ पाहिलं तर तास होऊन वर वेळ गेला होता.

पीकपाण्यावर मात्र एक अक्षर झालं नाही. पुढच्या वेळी मीच सुरुवात करायची.

११ जून, बुधवार

आज मी बैठकीला घालतो त्या काळ्या कोटावरून वाद झाला. शेकर पद्धतीत प्रत्येक भगिनी आपल्या जोडीच्या बंधूचे कपडे बघायची. धुणं, शिवणं, बटणं. ही चाल मीच पाहुण्यांना सांगत होतो, तेवढ्यात क्लोडेट पाहुण्यांदेखत म्हणाली, मग बंधूंच्या कोटाची कॉलर ही अशी लोंबत का ठेवली आहे? माझीच अब्रू जाणार ना. आणि कोट काढायला लावून घेऊन गेली.

मी नंतर तिला म्हटलं, हे एवढं खरोखर करायची गरज नाही, नुसतं दाखवायचंय. ती म्हणाली, दाखवायचं म्हणून केलं तर टाके तसलेच पडतात.

शुक्रवारी भर घालतोय: कोट आज आला. कॉलर उत्तम. खिशात माझ्याच कार्डांतली दोन होती, आणि मागच्या बाजूला तिने तिचे विषय लिहिले होते. 'पहिली नोकरी.' 'लहानपणी कशाची भीती वाटायची.' मी ती फाडणार होतो. ड्रॉवरमध्ये ठेवली आहेत.

२ जुलै, बुधवार

आज उभं राहायला जागा नव्हती. बुधवारची गर्दी इतर दिवसांच्या दुप्पट, असं मॉरा म्हणते आणि हात चोळते.

क्लोडेटने विचारलं, बंधू, तुम्ही लग्न का नाही केलंत? आता शेकर बंधूला हा प्रश्न विचारणं म्हणजे काय म्हणावं. मी म्हणू शकलो असतो की आपल्या पंथात लग्न नसतं, आणि विषय संपला असता. तसं करायला हवं होतं. पण तिने विचारलं ते मला, पंथाला नाही, हे कसं कोण जाणे माझ्या लक्षात आलं, आणि तोंडून गेलं, "कुणाला विचारलं नाही."

एक जाडजूड गृहस्थ टोपी काढून डोकं पुसायला लागले. क्लोडेट म्हणाली, तिच्या नवऱ्याने तिलाही विचारलं नव्हतं, तिनेच त्याला विचारलं होतं, गिरणीच्या फाटकाशी, पाळी सुटताना, कारण तो विचारेपर्यंत ती म्हातारी झाली असती. मग सगळे हसले. मीसुद्धा.

पण हे बरोबर नाही. दिवसभर मी कानकोंडा होऊन फिरतोय. माझे सगळे धडे वाया चालले आहेत. पाहुणे इथून काय शिकून जातात? शेकरांबद्दल काहीच नाही.

२३ जुलै, बुधवार

व्हर्न पाइक आज केरसुण्या बांधता बांधता म्हणाला, की तू मंगळवारी केस कापतोस आणि बुधवारी दोनदा दाढी करतोस, हे आमच्या लक्षात येत नाही असं समजू नकोस. व्हर्न आधी शाळेची बस चालवायचा. त्यामुळे त्याला वाटतं मागे कुणी काय करतंय ते सगळं त्याला आरशात दिसतं. मी म्हटलं, लोकांसमोर बसायचं तर नीटनेटकं नको का? तो म्हणाला, मी नाही का बसत, माझ्याकडे बघ. खरंय, त्याच्या दाढीत वाळलेल्या गवताच्या काड्या होत्या.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक. पण मॉराने हसत हसत मला फोनवर दाखवलं. कुणा पाहुणीने लिहिलंय, 'बुधवारची बैठक चुकवू नका, खिडकीजवळचं म्हातारं जोडपं फार गोड आहे.' जोडपं! ब्रह्मचर्य पाळणाऱ्या पंथाच्या गावात बावीस वर्षं काम करून हेच मिळवलं. क्लोडेटने हे वाचलं असेल तर तिला काय वाटेल? उद्या ती म्हणेल, इथे लोक काहीबाही बोलतात, मी चालले.

काहीतरी करायला हवं.

६ ऑगस्ट, बुधवार

केलं.

शेकरांकडे याचा उपाय होताच. दोघांची संगत जरा जास्त वाढतेय असं वाटलं की वडीलधारे जोडी बदलत. रागावणं नाही, चौकशी नाही. पुढच्या बैठकीला खुर्च्या वेगळ्या लागलेल्या असत आणि ज्याने त्याने समजून घ्यायचं. कारण सांगायचं नाही, कारण सांगितलं की नाव ठेवल्यासारखं होतं. यापेक्षा सभ्य मार्ग मला तरी माहीत नाही.

आज मी खुर्च्या लावताना क्लोडेटला व्हर्नसमोर बसवलं आणि माझ्यासमोर मिसेस ॲबटना, त्या निवृत्त शिक्षिका, आमच्या स्वयंसेवकांतल्या. कुणालाही काही बोललो नाही. क्लोडेट दारातून आली, माझ्यासमोरच्या खुर्चीकडे निघाली, तिथे मिसेस ॲबट बसलेल्या दिसल्या. थांबली. मी व्हर्नच्या समोरची खुर्ची दाखवली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन बसली. अगदी शेकर पद्धतीने पार पडलं. मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

मिसेस ॲबटना कमी ऐकू येतं. मी मधमाश्यांबद्दल विचारलं, त्यांनी कमरेच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगितलं. सगळा तास.

१३ ऑगस्ट, बुधवार

व्हर्नने तिला हसवलं. मोठ्याने हसली, मान मागे टाकून. काय बोलले ते ऐकू आलं नाही. मिसेस ॲबट मधे होत्या, कमरेसह.

मी आज चष्म्याच्या काचा किती वेळा पुसल्या कोण जाणे. पाहुण्यांना नीट दिसत असेल की बंधू लोक काय अस्वस्थ होतात. माझं लक्ष कशावरच नव्हतं. लंबगोल लाकडी डब्याची पट्टी वाफेतून काढून साच्याभोवती वळवताना ती मोडली, मुलांसमोर. मुलं म्हणाली, परत करून दाखवा. परत मोडली.

क्लोडेट आता सकाळी कारखान्यात जाताना माझ्या सुतारशाळेवरून येत नाही. मागच्या वाटेने जाते. बहुधा तिकडे सावली असते म्हणून.

२० ऑगस्ट, बुधवार

कोट परत आला. या वेळी बाह्यांना अस्तर लावायला, जोडी बदलायच्या आधीच दिला होता. व्हर्न घेऊन आला, घडी घालून. उजव्या बाहीला अस्तर लावलेलं, डाव्या बाहीचं अर्धं झालेलं, सुई तशीच टोचलेली.

मी व्हर्नला विचारलं, काही म्हणाली का? तो म्हणाला, हो, म्हणाली की आता मी त्यांची भगिनी नाही.

नियमाप्रमाणे बरोबरच आहे. जोडी बदलली की कपड्यांचं कामही बदलतं. मीच हे पाहुण्यांना शंभरदा सांगितलंय. बरोबरच आहे. मला मात्र सकाळपासून रडावंसं वाटतंय आणि का ते कळत नाही. वय झालं असावं.

३ सप्टेंबर, बुधवार

ती जाणार.

मॉराने सकाळी सांगितलं. क्लोडेटची मुलगी मिशलीन बँगरला असते, मेन राज्यात. तिला जुळं होणार आहे नोव्हेंबरात, मदत लागेल. म्हणून क्लोडेट मोसमअखेर गाव बंद झालं की माग घेऊन तिकडे जाणार, आणि पुढच्या मोसमात येणार नाही. मॉराचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, जुळं म्हणजे जावंच लागेल, आपण काय करणार.

जेवणाच्या सुट्टीत व्हर्नसमोर हेच बोललो. त्याने हातातली केरसुणी खाली ठेवली. जुळ्याचं तिला जूनपासून माहीत होतं, म्हणाला. जूनमध्ये ती म्हणत होती की हिवाळाभर मुलीकडे राहीन आणि मे महिन्यात परत येईन. आता म्हणते येणार नाही. मधे काय झालं, तूच सांग. पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसल्यावर तिने मला एकच गोष्ट विचारली होती, की माझं काही चुकलं का. बिचारी त्या खुर्चीत बसून हेच विचारत होती आणि तू तिकडे मधमाश्यांवर बोलत होतास.

मी म्हटलं, वडीलधारे कारण सांगत नसत.

"वडीलधारे मेले, ऑल्डन," व्हर्न म्हणाला. "तू जिवंत आहेस. जाऊन सांग तिला."

मी दुपारी गेलो नाही. शाळेची मुलं होती. उद्याही आहेत.

१० सप्टेंबर, बुधवार

गेलो. न जातो तर बरं झालं असतं.

ती मागावर बसली होती. मी दारातच उभा राहून सगळं समजावून सांगितलं. बैठकीची चाल कधी सुरू झाली, वडीलधाऱ्यांचे अधिकार काय होते, जोड्या कशा बदलत, त्यात कुणाचा अपमान नसे. चांगलं विस्ताराने सांगितलं. ती पाय थांबवून ऐकत होती. माझं संपलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे माझा तुझ्यावर जास्त जीव जडला, म्हणून मला उठवून दुसरीकडे बसवलं?"

मी घाईघाईने म्हटलं, तसं नव्हे. तुझाच असं नाही. दोघांपैकी कुणाचाही.

"मग कुणाचा होता?"

मला समोर फक्त तिचे हात दिसत होते, धोट्यावर ठेवलेले. मी म्हटलं, सुतारशाळेतली शेगडी तशीच पेटती राहिली आहे, बघून येतो. आणि निघालो. शेगडी पेटवलेलीच नव्हती. गाढव आहे मी, गाढव. सुतारशाळेत येऊन एका स्टुलावर बसलो आणि पाहुणे आले तर उठायलाही जमलं नाही.

कुणाचा ते मला माहीत आहे. लिहायलाही हात धजत नाही, एवढा मी भित्रा.

१७ सप्टेंबर, बुधवार

खुर्च्या पूर्वीसारख्या लावल्या. मला वाटलं, हेच उत्तर आहे, ती समजेल. शेकर पद्धतीनेच.

ती आली, माझ्यासमोर बसली, ॲप्रनच्या खिशातून तिच्याकडे उरलेली माझी कार्डं काढली आणि पहिलं वाचलं. "बंधू ऑल्डन, यंदा सफरचंदांना कीड फार दिसते." मी म्हटलं, हो, पाऊस कमी झाला. मग दुसरं कार्ड. छपराच्या फळ्या. मग तिसरं. बी-बियाणं. एक वाक्य तिचं, एक माझं. हात मांडीवर, पाठ ताठ, आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. मधेच पाहुण्यांतली एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, चल, कंटाळा आला.

चार महिन्यांत पहिल्यांदा बैठक अगदी बरोबर झाली. जशी मला हवी होती तशी. घरी येऊन ताटात वाढून घेतलं आणि तसंच ठेवलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

मॉराने नव्या विणकरणीसाठी जाहिरात लिहिली आणि मला वाचायला दिली. मी वाचली नाही. तिने विचारलं कशी वाटली, मी म्हटलं छान. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि कागद परत घेतला.

सोमवारी तेराला शेवटचे पाहुणे. मंगळवारी माग सुटा करायचा. तो मीच उभा केला, त्यामुळे मीच सुटा करायचा, हे न बोलता ठरलंय. शनिवारी अठराला क्लोडेट ट्रक घेऊन निघेल.

मी रोज सकाळी उठून ठरवतो की आज बोलायचं. रोज बोलतो, पण एकटाच, सुतारशाळेत, रंध्याशी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जे झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी पटाशी, हातोडा, दोऱ्या घेऊन गेलो. गाव रिकामं, सगळी दारं लावलेली, फक्त बहिणींचा कारखाना उघडा. क्लोडेट धाग्यांची रिळं खोक्यात भरत होती. ती म्हणाली, कॉफी आहे. मी म्हटलं, नंतर.

सुतार असलं जुनं काम सुटं करताना आधी खुणा करतो. कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, आणि त्याची खाच, दोन्हींवर एकच खूण, आतल्या बाजूला, पटाशीच्या टोकाने. या खांबाचं हे कुसू या खाचेत जायचं, ही पाचर इथली. शंभर वर्षं जुनं लाकूड प्रत्येक ठिकाणी वेगळं आकसलेलं असतं, एकाचं दुसऱ्यात बसत नाही. खुणा नसतील तर तो माग म्हणजे नुसता लाकडांचा ढीग. शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो आणि कुणी विसरलं तर त्या दिवशी त्याला पटाशीला हात लावू देत नाही.

मी पहिली पाचर ठोकून काढली. मग दुसरी. आडवे दांडे काढून भिंतीशी ठेवले. मग फण्यांची चौकट. पायाखालच्या पट्ट्या. माझे हात आपले चालले होते आणि मनात मी तेच घोकत होतो, आता बोल, हे एवढं काढलं की बोल. मोठे खांब आडवे केले तेव्हा क्लोडेट मदतीला आली, एक टोक तिने धरलं. खांब जमिनीवर ठेवून ती कुसवावरून बोट फिरवत राहिली. उलटं करून बघितलं. मग भिंतीशी ठेवलेले दांडे एकेक करून बघितले.

"ऑल्डन, तू खुणा केल्या नाहीस," ती म्हणाली.

मी बघितलं. खरंच एकही नव्हती. पटाशी सकाळपासून माझ्या खिशातच होती. बावीस वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नाही, आणि आज मी विसरलो असं जर मी म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, कारण दुसरी पाचर काढताना मला आठवलं होतं. मला आठवलं होतं आणि तरी मी तिसरी काढली.

"आता हा जोडणार कोण?" तिने विचारलं. रागाने नाही. फार हळू.

मी म्हटलं, कुठलं काय कुठे बसतं ते माझ्या लक्षात आहे. मी येतो. आणि मग, तोंड उघडलंच होतं म्हणून, सगळं बाहेर पडलं. म्हटलं, मी तुला व्हर्नसमोर बसवलं कारण मी घाबरलो. लोकांना दिसायला लागलं होतं, आणि मला वाटलं तुला दिसलं तर तू जाशील. जीव माझाच जडला होता, तू विचारलंस त्या दिवशीही मला माहीत होतं, आणि मी शेगडीचं निमित्त करून पळालो. कारखान्याला कुलूप लागलं तर लागू दे. मला तू जायला नको आहेस. एवढं सगळं मी खांबाकडे बघून बोललो. तिच्याकडे बघणं झालं नाही.

ती खाली, त्या लाकडांतच बसली. मग तिने ॲप्रनने डोळे पुसले आणि म्हणाली, जाणार तर ती आहेच, मिशलीनला शब्द दिलाय, दोन पोरं एकदम म्हणजे गंमत नाही. मी म्हटलं, हो, ते आहेच. तर म्हणाली, मग येतोस तर राहायचं तू बघ. मिशलीनकडे जास्तीची खोली एकच आहे. आणि दोन जिन्यांचं घर शोधत बसू नकोस, बँगरमध्ये मिळणार नाही.

मला अर्थ कळायला जरा वेळ लागला. तिने माझा हात धरला तेव्हा कळला. तिचा हात खरखरीत आहे, सुतामुळे. मला माहीत नव्हतं.

मीही बँगरला चाललोय हे आता शनिवारच्या आत मॉराला सांगायचंय आणि कसं सांगायचं ते सुचत नाही. हिवाळ्यात छपरांवरचा बर्फ कोण बघणार, व्हर्नला सांगितलं तर तो वर्षभर चिडवेल. ट्रकला ताडपत्री लागेल, शनिवारी पाऊस म्हणतायत. मी बँगरला कुणालाच ओळखत नाही. मिशलीनला मी आवडलो नाही तर?

क्लोडेटने निघताना विचारलं, माग जोडायला किती वेळ लागेल. खरं तर दोन दिवस पुरेत. मी सांगितलं, मे महिन्यापर्यंत तरी लागेल. ती म्हणाली, मला घाई नाही.